भंडारदरा-रतनवाडी: तीन किलोमीटरला पावणेतीन तास

रतनवाडीतल्या अमृतेश्वर महादेवाचं दर्शन, पुष्करणी, देवळाभोवती एक फेरी आणि रतनगडाकडे तोंड करून फोटो, हे सगळं धरून लागतो तास-सव्वा तास. वाटेतल्या कोलटेंभे गावाच्या पुढे गाड्यांच्या रांगेत गेले ते पावणेतीन तास. ऑगस्टचा रविवार होता, त्यात धरण भरल्याची बातमी दोन दिवसांपूर्वीच आलेली, आणि आम्ही शेंडीतून निघालो सकाळी नऊला. खरी चूक त्या नऊमध्येच झाली. घरच्यांना घेऊन जाणार असाल तर हे आधी वाचा, कारण तलाव आणि देऊळ किती सुंदर आहे ते सगळेच सांगतात, रस्त्याबद्दल कोणी बोलत नाही.

नाशिकहून घोटी, बारी, शेंडी असा साधारण 70 किलोमीटरचा रस्ता. इथपर्यंत काहीच अडचण नाही. डिझेल-पेट्रोल घोटीलाच भरा, पुण्याकडून येणाऱ्यांनी राजूरला. पुढे पंपाच्या भरवशावर राहू नका.

आता रचना समजून घ्या, म्हणजे कुठे अडकणार ते कळेल. प्रवरेवरच्या विल्सन, म्हणजेच भंडारदरा धरणामागे (1926 साली पूर्ण झालेलं) पाणी पसरलंय, त्याला आर्थर लेक म्हणतात. शेंडी हे धरणाजवळचं गाव. तिथून तलावाला वळसा घालणारा एक रस्ता आहे: शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. चाळीस किलोमीटरच्या वर भरतो. अमृतेश्वर रतनवाडीत, म्हणजे शेंडीहून मुतखेलच्या बाजूने वीसेक किलोमीटरवर. नकाशा पाऊण तास दाखवतो. सोमवारी-मंगळवारी पाऊण तासच लागतो.

अडकण्याचं कारण साधं आहे. डांबर एका गाडीपुरतं. समोरून दुसरी चारचाकी आली की दोघांनी एकेक चाक साइडपट्टीवर उतरवायचं, असा या रस्त्याचा अलिखित करार आहे. उन्हाळ्यात तो पाळता येतो. पावसात साइडपट्टी म्हणजे लाल चिखल, त्याखाली बऱ्याच जागी चर, आणि गवत इतकं वाढलेलं की चर दिसतच नाही. म्हणून नवखा चालक चाक खाली घालायलाच तयार होत नाही. तो डांबराच्या मधोमध थांबतो आणि समोरच्याने काहीतरी करावं अशी वाट बघतो. समोरचाही तेच करतो. त्यात भर म्हणून प्रत्येक ओहोळापाशी, प्रत्येक धबधब्यापाशी कोणीतरी ‘दोनच मिनिटं’ गाडी लावून उतरलेलं असतं. आणि मग येते सतरा सीटर. ती मोरीवरच्या वळणावर एका दमात वळत नाही, मागे-पुढे करावीच लागते, पण तिच्या मागे एव्हाना आठ गाड्या चिकटलेल्या असतात.

इथपर्यंतही कोंडी सुटण्यासारखी असते. गाठ बसते ती पुढच्या पायरीला. रांगेत कंटाळलेला एखादा उजवीकडून पुढे घुसतो. त्याच्या मागे पाच. समोरच्या रांगेतूनही तसेच पाच. आता दोन्ही तोंडं एकमेकांसमोर, डांबरावर दोन रांगा आणि मागे जायला जागा नाही. आमची पावणेतीन तासांपैकी निदान पावणेदोन तास ही अशीच गाठ होती. हॉर्नचा काडीचाही उपयोग नसतो, पण वाजवणारे वाजवतातच.

गाठ सुटते शेपटीकडून, तोंडाकडून नाही. हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते शिकवलं गावातल्या तीन-चार पोरांनी. तोंडाशी उभं राहून ‘तू मागे घे, तू मागे घे’ करण्यात काही अर्थ नाही, कारण तोंडावरच्या गाडीला मागे जागाच नसते. कोणीतरी चालत रांगेच्या अगदी शेवटी जायचं, तिथे नवीन येणाऱ्या गाड्या थांबवायच्या आणि शेवटच्या गाडीपासून एकेक करत मागे घ्यायच्या. ज्या बाजूला रुंद जागा जवळ असेल, तीच बाजू मागे घ्यायची, मग चूक कोणाची का असेना. दहा गाड्या मागे गेल्या की सतरा सीटरला वळायला जागा होते आणि पुढचं आपोआप सुटतं. पोरांनी हे पाऊण तासात केलं. घुसखोरांपैकी एकही जण गाडीतून उतरला नाही, याचा राग अजून आहे.

अडकल्यावर गाडीचं काय करायचं तेही सांगतो. चढावर अर्ध्या क्लचवर रांगू नका. वीतभर पुढे, मग थांबा, असं वीस वेळा केलं की क्लचचा जळका वास येतोच. आमच्या मागच्या गाडीचा आला. हँडब्रेक ओढून बसा आणि समोर निदान दोन गाड्यांची जागा झाली की एकदाच सरका. एसी बंद, काचा खाली, थांबणं पाच मिनिटांच्या वर जाईल असं दिसलं की इंजिन बंद. चाक चिखलात फिरायला लागलं तर ॲक्सिलरेटर दाबू नका, ते आणखी खोल जातं. पायाखालचं रबरी मॅट काढून फिरणाऱ्या चाकापुढे घाला, त्यामागे चपटे दगड, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच उचला. मॅटच्या मागे कोणी उभं राहू नये, ते सटकून उडतं.

मोबाइलला या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी रेंज नसते. दोन गाड्यांनी जात असाल तर ‘वाटेत फोन करू’ हे विसरा. भेटायची जागा आणि वेळ शेंडीतच ठरवा, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. आणि सुट्टे पैसे. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर माणशी आणि गाडीचं शुल्क घेतात. रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत आणि पाचशेच्या नोटेवर तुमच्यासकट मागची रांगही थांबते. पावती परत येईपर्यंत जपून ठेवा. दारूच्या बाटल्यांसाठी गाड्या तपासतात, ते योग्यच आहे.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर शेंडीतच सगळ्यांचं स्वच्छतागृह उरकून घ्या, गरज वाटत नसली तरी. रांगेत अडकल्यावर हा प्रश्न गाडीच्या प्रश्नापेक्षा मोठा होतो. उलटी होणाऱ्या मुलाला खिडकीशी बसवा, पोटात कोरडं काहीतरी असू द्या. माणशी एक लिटर पाणी आणि एक वेळचं खाणं गाडीत हवंच, डिकीच्या तळाशी नको, हाताशी.

मग कसं जायचं? शेंडीतून साडेसहाला निघायचं. त्यासाठी नाशिककरांना पहाटे साडेचारला घर सोडावं लागतं. मुंबई-पुणेकरांनी सरळ आदल्या रात्री शेंडीत मुक्काम करावा. वाटेत एकाही धबधब्याला न थांबता आधी रतनवाडी गाठायची. गाडी तोंड बाहेर करून लावायची, हे विसरू नका, कारण दोन तासांनी तिथे वळवायला जागा राहत नाही. दर्शन करून परत मुतखेलकडे यायचं नाही. नऊनंतर बहुतेक गर्दी त्याच बाजूने आत येत असते आणि तुम्ही तिच्या तोंडावर जाता. पुढे साम्रद, घाटघर करत वळसा पूर्ण करा. साम्रदला सांदण दरीच्या गाड्यांची थोडी दाटी असते, घाटघरच्या कड्यावर धुकं. धुक्यात दिवे खाली ठेवा. वरचा प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. 15 ऑगस्टच्या आसपास आणि गर्दीच्या रविवारी पोलीस एकेरी वाहतूक करतात. तसं असेल तर त्यांची दिशा हीच आपली दिशा, शेंडीत विचारून घ्या. आमच्या दिवशी एकेरी नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

देवळाबद्दल. काळ्या पाषाणातलं, नखशिखांत कोरलेलं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते, त्यामुळे ‘पिंड दिसली नाही’ म्हणून खट्टू होऊ नका. गाभाऱ्यात उतरताना पायऱ्या ओल्या आणि गुळगुळीत असतात. वयस्क माणसाच्या पुढे एक जण आणि मागे एक जण, असंच उतरा. छताकडे मान वर करून बघा, बहुतेक लोक बघत नाहीत. पुष्करणीच्या भिंतींत कोनाडे आहेत, त्यांत मूर्ती आहेत. तिच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, मुलांचा हात धरूनच जा, आणि पाण्यात पाय बुडवायची जागा ती नव्हे. देऊळ पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तेव्हा कोरीव खांबांवर चढून फोटो नकोत. उन्हाळ्यात गेलात तर दुपारी फरसबंदी अनवाणी पायांना चटके देते, मोजे ठेवा. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते आणि श्रावणी सोमवारीही भाविकांची रीघ असते. निवांत दर्शन हवं असेल तर ते दिवस टाळा.

जेवण! हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. जातानाच, म्हणजे सकाळीच, वाटेतल्या एखाद्या घरी किती माणसं आणि साधारण किती वाजता ते सांगून ठेवा. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. कोंबडी हवी असेल तर तेव्हाच सांगावं लागतं. आयत्या वेळी गेलात तर चूल पेटल्यापासून दीड तास धरा. वळसा पूर्ण करणार असाल तर घर घाटघर-उडदावण्याच्या बाजूचं निवडा. आम्ही मुतखेलच्या बाजूला सांगितलं होतं आणि परत त्याच कोंडीत शिरायची वेळ आली. शेवटी माणूस पाठवून निरोप दिला, झालेल्या स्वयंपाकाचे पैसेही दिले.

रस्ता नकोच असेल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर, शेंडीच्या बाजूने रतनवाडीकडे बोट मिळते का ते विचारा. तलावात पाणी भरपूर असतं आणि सकाळी वारा कमी. उतरल्यावर देवळापर्यंत चालावं लागतं, ते आजी-आजोबांना झेपेल का ते बघा. उन्हाळ्यात शेतीला पाणी सुटून तलाव मागे हटतो, मग हे चालणं बरंच वाढतं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय लहान मुलाला बोटीत बसवू नका, नावाडी ‘काही होत नाही’ म्हणाला तरी.

छत्री डोंगरावरच्या वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट घ्या. गाडीत एक जुनी चादर टाका, ओल्या कपड्यांनी सीट भिजतात. धरणाखालचा अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलं असेल तरच दिसतो. तो शेंडीतच आहे, परत येताना बघा, जाताना त्यासाठी अर्धा तासही घालवू नका. आम्ही घालवला होता. नऊ वाजले ते त्यामुळेच.