दूध किती ते लंगोट सांगतात
बाळ आता सात महिन्यांचं झालंय, काल नाचणीची पेज खाऊन तोंड रंगवून बसलं होतं, म्हटलं अंगावर पाजण्याचं ते सगळं आता तरी लिहून टाकूया नाहीतर राहूनच जाईल.

बाळंतपणाला मी माहेरी, खानापूर तालुक्यात. जुलै. आमच्याकडचा जुलै माहीत असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आठ-आठ दिवस ऊन नाही. डिलिव्हरी बेळगावात, सिझेरियन. पहिल्या दिवशी चीक आला तो चमचाभर पण नाही, पिवळा, घट्ट. बघायला येणारी प्रत्येक बाई, नळाला पाणी आलं काय विचारावं तसं, "दूध हाय काय गे?" पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी पाच-सात मिलीच मावतं, तेवढ्याला चीक पुरतो, आणि सिझेरियननंतर दूध उतरायला जरा उशीर होऊ शकतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं माझंच काहीतरी कमी आहे.

मग दुखायला लागलं. बाळाला घेतलं की माझी पायाची बोटं आवळायची. डाव्या बाजूला चीर पडली, गाऊन त्याला चिकटायचा आणि सोडवताना डोळ्यांत पाणी. आई म्हणायची "होतंय गे सगळ्यांना, सोस जरा" आणि वर अळिवाचा लाडू. डिंकाचा पण, खारकेचा पण. लाडू छान होते, पण लाडवानं चीर कशी भरणार?

चौथ्या दिवशी छाती दगड. बगलेपर्यंत गाठी, हात खाली सोडता येईना, आणि इतकी तटतटलेली की बाळाला तोंडात धरताच येईना, ते रडतंय, मी रडतेय, तिकडनं आत्तींचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन की पावडरचं दूध द्या म्हणून. एक बाटली दिली. बाळ तीन तास गाढ झोपलं आणि माझे हाल दुप्पट झाले, कारण दूध बाहेर पडलंच नाही. आणि असंच साठून राहिलं की शरीर पुढचं दूध कमीच करतं.

टाके दाखवायला गेलो तिथं एक वयस्कर सिस्टर होत्या, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणाऱ्या. त्यांनी दूध आहे का विचारलंच नाही. म्हणाल्या, "पाज बघू माझ्यासमोर." बघितलं आणि बाळाला उचलून अख्खं माझ्याकडं वळवलं, पोटाला पोट लावून. मी आतापर्यंत नुसती त्याची मान वळवत होते! टाक्यांवर भार नको म्हणून त्याला बगलेखाली घ्यायला लावलं, पाय मागे. मग त्याचं नाक बोंडासमोर धरून थांबल्या. मी घाईनं पुढे वाकले तर हातावर चापट. "तडीरी. बायी तगीली, बायी." म्हणजे थांबा, तोंड उघडू दे. बाळानं जांभईएवढा आ केला तसं त्याला झटकन जवळ ओढलं. हनुवटी रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, नुसतं बोंड नाही तर खालचा काळा भाग पण तोंडात. आणि पहिल्यांदा मला घोट गिळल्याचा आवाज आला. दुखलं, पण तसं नाही.

पकड चुकली तर ओढायचं नाही, तोंडाच्या कोपऱ्यातनं करंगळी घालून सोडवायचं आणि परत लावायचं. छाती दगड असेल तर आधी हातानं थोडं पिळून काढायचं म्हणजे काळा भाग मऊ होतो, पाजून झालं की गार पाण्याचं फडकं. चिरेला आपलंच दूध लावायचं. लाल झालं आणि ताप-थंडी आली तर लगेच डॉक्टर, पण पाजणं बंद करायचं नाही.

तरी पुरतंय काय ही धाकधूक होतीच. दूध मोजता येत नाही, लंगोट मोजता येतात. आमच्या माजघरात शेगडीवर दोरी बांधलेली, त्यावर लंगोट, सगळ्यांना धुराचा वास. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी ओले पाहिजेत, सिस्टरनी सांगितलेलं, म्हणून आई रोज रात्री दोरीखाली उभी राहून मोजायची. पहिल्या दिवशी चार. मग सात. मग नऊ, आणि वाळायला जागा नाही म्हणून शिव्या. २.९ किलोचं बाळ २.७ वर आलं होतं ते दुसऱ्या आठवड्यात परत पहिल्या वजनाला लागलं. बाटली कधी सुटली कळलंच नाही. (मधाचं बोट आणि वरच्या पाण्यावरनं भांडणं झाली ती वेगळीच, मी जिंकले.)

संध्याकाळी मात्र सहा ते नऊ नुसतं चिकटून असायचं. दूध संपलं असं वाटायचं, तसं नसतं, त्या वेळी बाळं तशीच पितात. कुणीतरी ताट हातात आणून द्यायचं, बास.

एका रात्री लंगोट घड्या करताना आई म्हणाली, "तुझ्या दादाच्या वेळेला माझं दूध आठ दिवसांत आटलं म्हणून सगळे म्हणाले. आटलं नसंल गे ते." मग बराच वेळ काही बोलली नाही.

परवा शेजारची लेक बाळंत झाली. आई अळिवाचे लाडू घेऊन गेली खरी, पण डबा खाली ठेवायच्या आधीच विचारलं म्हणे, "तोंड केवढं उघडतंय बघू?"