कुपवाडचा बोल्ट आणि डुइसबुर्गची बाग

परवा काकांनी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतील आपल्या नट-बोल्टच्या शेडमधून व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता पाठवला आणि खाली लिहिले, "तुमच्या लोकांचं हे काय आहे, ते जरा बघून सांग." जर्मनीत डुइसबुर्गला सहा वर्षे काढल्यावर काकांच्या लेखी मी 'त्यांची' झाले, हे वाचून मी चरकले.

तक्ता युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन कराचा होता. 1 ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती मागत असत. 1 जानेवारी 2026 पासून आयात केलेले पोलाद बनवताना हवेत सुटलेल्या कार्बनची किंमत आयातदाराला मोजावी लागते आणि त्यात नट-बोल्टही येतात. वर्षाला 50 टनांपर्यंत माल आणणाऱ्याला सूट आहे, पण काकांचा युरोपातला ग्राहक त्याहून बराच अधिक आणतो.

काकांकडे वायर रॉड, म्हणजे पोलादाची जाड तार येते, तिचे तुकडे होतात, डोके ठोकले जाते, आटे पाडले जातात. बोल्टच्या नावावर लागणारा बहुतेक कार्बन दूरच्या पोलाद कारखान्यातून रॉडबरोबरच आलेला असतो; त्या कारखान्याने आकडा दिला नाही, तर नियमातील ठरावीक, चढा आकडा लावला जातो. काकांनी कर्ज काढून पत्र्यावर सौर पॅनेल बसवले, त्यांना मात्र या हिशेबात जागाच नाही, कारण पोलादासाठी विजेचे उत्सर्जन सध्या धरत नाहीत. आपली बरीचशी वीज कोळशाची असल्याने यात देशाची सोयच झाली, हे मला मान्य आहे. तरीही ज्याने आधी पाऊल उचलले त्याच्या पदरात काही पडू नये, हे मनाला फार लागले.

इथे डुइसबुर्गच्या माइडरिख भागातला लोखंड कारखाना 1985 मध्ये बंद झाला आणि 1994 मध्ये त्याच जागी उद्यान खुले झाले. झोतभट्टीवर चढून शहर पाहता येते. जुन्या वायुटाकीत पाणी भरले असून तेथे लोक पाण्याखाली डायव्हिंग करायला शिकतात. मी बहुतेक रविवारी तेथे जाते आणि मनापासून कौतुक करते. पण पिढ्यान्‌पिढ्या धूर सोडून झाल्यावर बाग फुलवण्याची उसंत या शहराला मिळाली. कुपवाडला ती कोणी दिलेली नाही.

आखणी आपल्याला जमत नव्हती असे मुळीच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत एकत्रच वसवली. कुपवाडमध्ये मात्र घरे शेडच्या कुंपणाला येऊन भिडली आहेत. निदान आता तरी एमआयडीसीच्या आराखड्यात सामाईक हीट ट्रीटमेंट भट्टीला (बोल्ट तापवून कणखर करणाऱ्या) आणि उत्सर्जन मोजणाऱ्या प्रयोगशाळेला जागा राखावी, कारण दहा माणसांच्या शेडला हा खर्च एकट्याने झेपणार नाही.

तक्त्यातील रकान्यांचे मराठी करून मी काकांना पाठवले आहे. रॉडच्या कारखान्याचा आकडा तेवढा भरायचा राहिला आहे. त्यासाठी काकांनी तिसरे पत्र टाकले आहे.