कढीपत्त्यावरची फुली

आज सकाळी कढीपत्ता तोडताना फांद्यांमध्ये पांढऱ्या नागमोडी रेघांची मोठी फुली दिसली. सिग्नेचर स्पायडर, म्हणजे अर्जिओपी अनासुजा. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्याकडच्या बागांत हमखास दिसणारा कोळी.

ओळख सोपी आहे. डोकं खाली, पोटावर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे आणि पाय दोन-दोन जोडून फुलीच्या चार हातांवर ठेवलेले, त्यामुळे लांबून चारच पाय वाटतात. जाळ्याच्या मधोमध बसलेली ती मादी. पायांशिवाय तिचं शरीर साधारण १ सेंटिमीटर. नर त्याच्या निम्म्याहून लहान, तपकिरी, कडेला बिचकत असतो. (बिचकणं रास्तच, मादी त्याला खाऊही शकते.)

फुली कधी अर्धीच असते, पिल्लांच्या जाळ्यात तर अनेकदा गोल चकती. त्यामुळे फुली नाही म्हणजे हा कोळी नाही, असं समजू नका. फुली कशासाठी, यावर मात्र अभ्यासकांचं अजून एकमत नाही: कीटकांना भुलवायला की पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून?

जाळ्यात टोळ अडकला की ही आधी रेशमाच्या पट्ट्यांनी त्याला गुंडाळते, मग चावते. जवळ गेलात तर जाळं गदागदा हलवते, फारच झालं तर खाली उडी. माणसाला धोका नाही.

वाटेत जाळं असेल तर खालून डबा धरा, वरून झाकणाने हलकेच ढकला आणि शेजारच्या झुडपात सोडा. नवं जाळं ती स्वतः विणते. तेवढी कीटकनाशकाची फवारणी त्या झाडावर नको.