हेड पॅकिंग बदललं आणि ओम्नीची पिकअपच गेली, माझा अनुभव

आमची ओम्नी १९९९ ची, तीन सिलेंडरची, ७९६ सीसी, कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग). बाबांनी घेतलेली म्हणून जीव आहे तिच्यावर. मागच्या वर्षी हेड पॅकिंग (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) गेलं म्हणून गॅरेजला टाकली, चार दिवसांनी आणली तर गाडी पहिल्यापेक्षा वाईट. स्लो वर (रेस न देता नुसती चालू) ठेवली की थडथड करायची, पेट्रोलचा वास यायचा, आणि पुण्याहून कराडला येताना खंबाटकी घाट चढायला दुसरा गिअर. आधी तिसऱ्यावर आरामात चढायची. परत घेऊन गेलो तर म्हणाले कार्ब्युरेटर संपलाय, नवीन टाका. मला पटलं नाही हो, कारण हेड उघडायच्या आधी तोच कार्ब्युरेटर व्यवस्थित चालत होता, मग चार दिवसांत तो कसा संपला?

मग रविवारी सीट उचलली (इंजिन तिच्याखालीच असतं) आणि स्वतःच बसलो. आधी तिन्ही प्लग काढून ओळीत ठेवले. दोन काळे, काजळी धरलेले, म्हणजे पेट्रोल जास्त, आणि तीन नंबरचा पांढरा फटक, म्हणजे पेट्रोल कमी. इथंच डोक्यात आलं की कार्ब्युरेटर एकच आहे, तो तिघांनाही सारखंच पेट्रोल देणार, मग एकालाच कमी का पडतंय? एकेक प्लग वायर काढून गाडी चालू करून बघितली, एक आणि दोनची काढली की इंजिन अजूनच बसायचं, तीनची काढली तर काहीच फरक नाही, म्हणजे तो सिलेंडर काम करतच नव्हता. प्लग आणि वायर अदलाबदल केली तरी मिसिंग (सिलेंडर न पेटणं) तिथंच. शेजारच्या मित्राकडून कॉम्प्रेशन गेज (सिलेंडरमधला दाब मोजायचं) आणलं, तिन्ही १५० पीएसआयच्या आसपास, म्हणजे व्हॉल्व्ह आणि हेड पॅकिंग ठीक होतं. हे बघून फार बरं वाटलं.

स्पार्क ठीक, दाब ठीक, तरी तिथं पेट्रोल कमी, मग जास्तीची हवा कुठून तरी आत जातेय हे नक्की. स्लो वर ठेवून कान लावला तर इनटेक मॅनिफोल्डजवळ (कार्ब्युरेटरपासून सिलेंडरकडे जाणारी नळी) बारीक सूं सूं आवाज. स्प्रे बाटलीने नुसतं पाणी मारलं (पेट्रोल किंवा क्लीनर गरम इंजिनवर मारू नका, आग लागेल), तीन नंबरच्या पोर्टजवळ पाणी पडलं की आवाज थांबायचा आणि क्षणभर इंजिन सरळ व्हायचं. मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं, खालचा एक नट लावलेलाच नव्हता! पाना नीट पोचत नाही तिथं म्हणून सोडून दिला असणार, आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग जुनंच, वर सिलिकॉन थापलेलं. हवा जास्त जातेय म्हणून त्यांनी मिक्स्चर स्क्रू ढिला करून पेट्रोल वाढवलेलं, त्यामुळे बाकीचे दोन प्लग काळे.

नवीन पॅकिंग, नट घातला, मिक्स्चर परत सेट केलं, मिसिंग गेलं. पण पिकअप अजून अर्धीच होती. तेव्हा लक्षात आलं की हेड काढताना डिस्ट्रीब्युटरही (प्रत्येक प्लगला वेळेवर स्पार्क देणारा) काढला असणार, तो अंदाजाने बसवलेला. स्पार्कची वेळ बघायची टायमिंग लाईट माझ्याकडे नव्हती म्हणून ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं, स्पार्क बराच उशिरा पडत होता. डिस्ट्रीब्युटर थोडा फिरवून मार्कवर आणला आणि रेस दिली तसा आवाजच बदलला, बाबा घरातून बाहेर आले बघायला.

पुढच्या पुणे फेरीत खंबाटकी तिसऱ्यावर. घरी आल्यावर प्लग काढून बघितले, तिन्ही विटकरी रंगाचे, म्हणजे पेट्रोल नीट जळतंय.