तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे कॅमेरे असतात, मग चित्रं जातात कशी?

मी एका कलादालनात चित्रांच्या नोंदी ठेवते. हे कळलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "एवढे कॅमेरे असतात, मग चोऱ्या होतात कशा?"

कॅमेरा काही चोराचा हात धरत नाही हो, तो नुसता बघतो. ऑक्टोबर 2025 मध्ये पॅरिसच्या लूव्रमध्ये चोर भरदिवसा, सामान वर चढवायची शिडी असलेला ट्रक घेऊन आले. अलार्म वाजले, तरी आठ मिनिटांच्या आत राजघराण्याचे दागिने घेऊन पसार! म्हणून आमच्याकडे सगळा हिशेब मिनिटांचा. अलार्म वाजल्यावर माणूस पोचायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ चोराला वस्तू सोडवायला लागला पाहिजे. जाड काच, साध्या पेचकसाने न फिरणारे स्क्रू, फ्रेम भिंतीला जखडणाऱ्या पट्ट्या, सगळं त्यासाठीच. (आग लागली तर तेच चित्र आम्हाला झटकन काढता यायला हवं, ही वेगळीच डोकेदुखी.)

पण मला विचाराल तर खिडकीतून येणाऱ्यापेक्षा मला दारातून येणाऱ्याची धास्ती जास्त. मार्च 1990 मध्ये बॉस्टनच्या गार्डनर म्युझियममध्ये पोलिसांच्या गणवेशातले दोघे आले आणि रात्रीच्या पहारेकऱ्याने त्यांना आत घेतलं. 13 कलाकृती गेल्या, त्या गेल्याच. आणि 1911 मध्ये 'मोनालिसा' नेली ती विन्चेन्झो पेरुजाने. हा लूव्रमध्येच काचकाम केलेला कारागीर. सोमवारी संग्रहालय बंद असताना त्याने ती नेली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर रिकामी जागा दिसली, तर पहारेकरी म्हणाले, फोटो काढायला नेलं असेल. चित्र सापडलं ते थेट 1913 च्या डिसेंबरात, फ्लॉरेन्समध्ये.

त्या 'असेल'ने माझी झोप उडते. म्हणून आमच्याकडे नियम आहे की चित्र भिंतीवरून उतरलं की त्या जागी चिठ्ठी लागलीच पाहिजे. नोंद क्रमांक, कुठे नेलं, कोणी, किती वाजता, सही. सेन्सरसाठी पैसे मागताना मी चारदा विचार करते, चिठ्ठीवरून भांडताना एकदाही नाही.

एका दुपारी कोपऱ्यातल्या दालनात गेले, तर भिंतीवर नुसते दोन हुक आणि रंग न विटलेला चौकोन. चिठ्ठी नाही. पोटात गोळाच आला. जिना कसा उतरले ते आठवत नाही. दुरुस्तीच्या खोलीत चित्र टेबलावर पालथं पडलेलं आणि आमची सहकारी भिंगातून फ्रेमचा सुटलेला सांधा बघत होती.

"अगं, दहा मिनिटांचं तर काम होतं!" ती म्हणाली.

मी तिच्यापुढे पेन धरलं. आधी चिठ्ठी लिहून घेतली, वर जाऊन हुकांच्या मध्ये लावली, मग पाणी प्यायले.