वाघोलीत अडकलेली क्वेरी

एक्सेलशीट स्क्रीनवर आली तेव्हा निकाल जवळजवळ लागलेलाच होता. तीन डेटाबेस, तीन रकाने: ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस. प्रत्येक ओळीत एका क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, लागलेला वेळ. बहुतेक ओळींत तिघांत उन्नीस-बीसचा फरक. फक्त थकीत हप्त्यांच्या गावनिहाय रिपोर्टसमोर पोस्टग्रेसचा आकडा लालभडक. बाकीचे दोघे काही सेकंदांत उरकत होते, ते याला मिनिटांवर जात होतं.

आमचं ऑफिस खराडीत. ग्राहक म्हणजे कर्ज देणारी एक संस्था. त्यांचा सगळा डेटा ओरॅकलवर, आणि लायसन्सच्या खर्चामुळे त्यांना तिथून हलायचं होतं. कुठे, ते आम्ही सुचवायचं. “मग पोस्टग्रेस बाद करायचं ना?” मॅनेजरनी विचारलं. मी म्हटलं, “सर, दुपारपर्यंत थांबा. प्लॅन बघतो.”

शीट आमच्या ज्युनियरने केली होती आणि नीट केली होती. मशीन एकच, डेटा तोच, प्रत्येक क्वेरी कॅश गरम झाल्यावर, म्हणजे जमेल तेवढा डेटा मेमरीत आल्यावर, पुन्हा चालवलेली. डेटा धरून ठेवायची मेमरी, म्हणजे पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवणुकीच्या इंजिनाचा बफर पूल, दोन्ही मुळात १२८ एमबीवर असतात. तिने दोन्हीकडे वाढवून घेतले होते. इतकी काळजी घेतलेल्या तुलना मी फार पाहिलेल्या नाहीत. म्हणजे खोट मोजण्यात नव्हती.

आम्ही एक्सप्लेन अनालाइझ लावलं. ही आज्ञा क्वेरी कुठल्या मार्गाने चालली तो प्लॅन दाखवते, अंदाज आणि प्रत्यक्ष आकड्यांसकट. क्वेरीत त्या संस्थेच्या ग्राहकांच्या, म्हणजे कर्जदारांच्या, पत्त्यावर तीन अटी होत्या: पिनकोड ४१२२०७, तालुका हवेली, जिल्हा पुणे. म्हणजे वाघोली. प्लॅनच्या त्या ओळीवर पोस्टग्रेसचा अंदाज होता, जेमतेम मूठभर ग्राहक मिळतील. त्याच ओळीत पुढे प्रत्यक्ष आकडा होता हजारोंचा.

“सर, अनालाइझ तर मी केलं होतं,” ती म्हणाली. केलंच होतं. अनालाइझ म्हणजे डेटा चाळून त्याची आकडेवारी गोळा करणं. पण पोस्टग्रेस प्रत्येक कॉलमची आकडेवारी वेगवेगळी ठेवतं आणि अटी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून गुणाकार करतं. समजा शंभरात एक ग्राहक या पिनकोडचा, विसात एक हवेलीचा, चारात एक पुणे जिल्ह्याचा. गुणाकार केला की आठ हजारांत एक. खरं उत्तर मात्र शंभरात एकच, कारण वाघोलीचा माणूस हवेलीत आणि पुणे जिल्ह्यात असतोच. हे नगर रस्त्यावरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला माहीत आहे, क्वेरीचा मार्ग ठरवणाऱ्या प्लॅनरला नाही.

मूठभरच ग्राहक येणार म्हटल्यावर त्याने नेस्टेड लूप निवडला: एकेक ग्राहक घ्यायचा आणि इंडेक्सवरून, म्हणजे सूचीवरून, त्याचे हप्ते शोधायचे. मूठभरांसाठी हे झकास. हजारोंसाठी मात्र डिस्कभर वणवण, कारण पोस्टग्रेसच्या टेबलात हप्ते भरल्याच्या क्रमाने पडले होते आणि एकाच ग्राहकाचे हप्ते शेकडो पानांवर विखुरलेले होते.

मग मायएसक्यूएल का सुटलं? लूप तर तेही लावत होतं. पण इनोडीबी टेबलच प्रायमरी कीच्या, म्हणजे नोंदीची ओळख ठरवणाऱ्या कॉलमांच्या, क्रमाने साठवतं, आणि इथे की ग्राहक क्रमांकापासून सुरू होत होती. एका ग्राहकाचे सगळे हप्ते शेजारी-शेजारी, एका हिसक्यात हाती. शिवाय पत्त्याच्या तिन्ही कॉलमवर एकत्र इंडेक्स होता आणि मायएसक्यूएल अंदाज बांधताना त्या इंडेक्समध्येच डोकावून बघतं, त्यामुळे संख्याही जवळपास बरोबर. मला स्वतःला पोस्टग्रेस आवडतं, पण ही गोष्ट मायएसक्यूएलने चांगली केली आहे, ते कबूल करायला हवं.

उपाय एका ओळीचा. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१७ पासून, क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही आज्ञा आहे. पिनकोड, तालुका आणि जिल्हा एकमेकांवर अवलंबून आहेत हे त्याला सांगायचं आणि पुन्हा अनालाइझ चालवायचं. चालवलं. अंदाज हजारोंवर आला, लूप गेला, त्या जागी हॅश जॉइन, म्हणजे टेबलं एकदाच वाचून केलेली जुळवणी, आला आणि त्याच्या जोडीला काम वाटून घेणारे समांतर वर्कर. लाल आकडा मायएसक्यूएलच्याही खाली उतरला. ज्युनियरने खात्रीसाठी स्टॅटिस्टिक्स काढून पुन्हा चालवलं, परत मिनिटं. लावलं, परत सेकंद. हे तिने न सांगता केलं, त्याचं मला जास्त कौतुक वाटलं.

एका खात्याचं पासबुक काढताना मात्र मायएसक्यूएलच थोडं पुढे राहिलं, शेजारी साठवलेल्या हप्त्यांमुळे. ते आम्ही तसंच लिहिलं.

दुपारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरना सुचलं की ही तुलना कंपनीच्या साइटवर टाकू, धंद्याला बरी. ओरॅकलचा रकाना काढल्याशिवाय नाही, मी म्हटलं. त्यांच्या लायसन्सच्या अटींप्रमाणे परवानगीशिवाय बेंचमार्कचे, म्हणजे वेगाच्या चाचणीचे, निकाल जाहीर करता येत नाहीत. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड ड्यूइट यांच्या १९८३ च्या बेंचमार्कमध्ये ओरॅकल मागे पडलं होतं, त्यानंतर हे कलम आलं. लोक अजून त्याला ड्यूइट कलमच म्हणतात. रकाना त्या संस्थेपुरता राहिला.

संस्थेतल्या आयटीप्रमुख मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: “अशा जोड्या आमच्या डेटात आणखी किती असतील?” शाखा आणि आयएफएससी, उत्पादन आणि व्याजदर, एजंट आणि विभाग, बोलता बोलता यादी लांबत गेली. पोस्टग्रेस नक्की झालं, पण डेटा हलवायच्या मायग्रेशन स्क्रिप्टच्या आधी त्या यादीचं काम लावलं. ते आता ज्युनियरकडे आहे.