आई, समुद्र आणि अर्ध्या मीटरची भिंत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या दुधाळीतल्या घरात छातीपर्यंत चढलं होतं. तेव्हापासून आईला एक सवयच लागली आहे. कुठेही भिंत दिसली की तळवा टेकवून ओल आहे का बघते. नॉर्वेत स्टाव्हांगरला नोकरीला असलेला भाऊ म्हणाला, "आईला समुद्राखाली जेवायला नेऊया," तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. पण मी सिव्हिल इंजिनिअर. समुद्रात बुडवलेलं ते 'अंडर' रेस्टॉरंट बघायचा मोहही सुटेना.

व्हिसानं घाम काढला. तीस हजार युरोंचा प्रवास विमा, बँकेचे उतारे, भावाचं निमंत्रणपत्र, सगळी फाइल घेऊन मुंबई गाठली. तिथे आईच्या बोटांचे ठसेच उमटेनात. चाळीस वर्षं राखेनं भांडी घासलेली बोटं ती. ओला रुमाल फिरवून चौथ्यांदा उमटले, तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

जेवणाचं बुकिंग भावानं कधीच करून ठेवलं होतं. तिथे मेनू कार्डातून निवडायचं नसतं, ठरलेलं जेवण एकामागून एक येतं. त्यामुळे काय चालत नाही ते आधीच कळवलं. आईचे वार पाळायचे म्हणून बुधवार धरला.

२०२३ च्या मे महिन्यात लिंडेसनेसला पोहोचलो. हे नॉर्वेचं दक्षिण टोक. वारा सुटला होता, लाटा खडकावर आदळत होत्या. काठावरून पाण्यात कलंडलेली चौतीस मीटर लांबीची काँक्रीटची नळी दिसली आणि आईचे पाय थबकले. "आत पानी न्हाई यायचं न्हवं?"

मग तिथेच उभं राहून तिला सगळं सांगितलं. ही नळी तराफ्यावर बांधली, खिडक्याही आधीच बसवल्या आणि २०१८ मध्ये जागेवर आणून बुडवली. रिकामी घागर तरंगते आणि भरली की बुडते, तसं आत पाणी भरून ती तळाला नेली, खडकाशी बोल्टांनी जखडली आणि मगच आतलं पाणी उपसलं. भिंती अर्धा मीटर जाड आणि किंचित वाकलेल्या आहेत. सपाट भिंतीवर लाटेचा दणका एकदम बसतो, वाकलेल्या भिंतीवर तो वाटला जातो. बाहेरचं काँक्रीट मुद्दाम खरबरीत ठेवलंय, कालवं-शिंपले चिकटावेत म्हणून. हे मला फार आवडलं. आपण साइटवर फिनिशिंग गुळगुळीत करायला धडपडतो, इथे समुद्राला राहायला जागा करून दिली आहे. स्नोहेट्टा या वास्तुरचनाकार कंपनीचं हे काम. नाव 'अंडर'. नॉर्वेजियनमध्ये या शब्दाचे अर्थ दोन, खाली आणि आश्चर्य.

आईनं माझा दंड घट्ट धरला आणि आम्ही पायऱ्या उतरलो. ओकच्या लाकडाचा वास, उतरत जाऊ तसं निळसर होत जाणारं छत, आणि खाली अख्खी अकरा मीटर रुंदीची खिडकी! समुद्रसपाटीपासून पाचेक मीटर खाली, शेवाळाच्या पात्या एका लयीत डोलत होत्या. वर लाट फुटली की पाण्यातला हिरवट उजेड हलायचा, पण आवाज काहीच नाही. आम्ही जवळजवळ दहा मिनिटं कुणी काही बोललोच नाही.

जेवण छोट्या छोट्या ताटल्यांतून आलं. खेकडा, मासे, समुद्री शेवाळ, सगळं त्याच किनाऱ्यावरचं. तिखटाचा मागमूस नाही, तरी खेकड्याचं मांस इतकं गोड आणि ताजं होतं की चटणीची आठवण झाली नाही. आई मात्र घास हातात धरून बाहेरच बघत होती. एक करडा मासा काचेपाशी आला, वळला आणि दगडाआड गेला.

तिसऱ्या ताटलीनंतर ती उठली. भिंतीपाशी जाऊन तिनं तळवा टेकवला, घरी टेकवते तसाच, आणि बराच वेळ तसाच ठेवला. परत येऊन तो माझ्यापुढे धरला.

"कोरडी हाय गं," म्हणाली, आणि खुर्ची खिडकीकडे सरकवून जेवायला बसली.